ज्यूरी नाही, न्यायाधीश आहेत: अपघात दाव्यात अर्जदाराच्या वकिलाने पटवून द्यायचं कसं?

धंतोलीकर
अमेरिकेत नुकसानभरपाई मागणाऱ्या बाजूच्या वकिलांनी खटला चालवण्याचं शास्त्रच करून ठेवलंय. ज्यूरीतून कोणाला वगळायचं, सुरुवातीच्या निवेदनात गोष्ट कुठून उचलायची, मोठा आकडा कानावर आधी कसा घालायचा, उलटतपासात साक्षीदारापुढे 'हो'शिवाय दुसरं उत्तरच कसं उरू द्यायचं नाही, वगैरे.

प्रश्न असा, की नागपुरात सिव्हिल लाइन्सला आपल्या मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे यातलं काय कामाचं? मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १६६ खालच्या भरपाई अर्जांपुरतंच बोलू. माझं मत आधी सांगतो: काहीच नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांनंतर वय, उत्पन्न, अवलंबितांची संख्या टाकली की आकडा पडतो. मग वक्तृत्वाला जागा कुठे आहे? जाणकारांनी खोडून काढावं.

तर्रीबाज
खुर्ची टाकून बसलो. वकील एकमेकांना खोडून काढणार म्हणजे धागा पुढच्या तारखेलाही संपत नाही.

निशाणी_किती
धंतोलीकर, वर्षाच्या नुकसानीला ज्याने गुणायचं तो गुणक वयानुसार ठरलेला आहे हे खरं. पण गुणकाला ज्या आकड्याने गुणायचं तो कुठे ठरलेला आहे?

एक हिशोब मांडतो. मृत ३४ वर्षांचा, स्वतःचं गॅरेज, मागे पत्नी, दोन मुलं, आई. न्यायाधिकरणाने महिना २०,००० उत्पन्न धरलं तर: स्वयंरोजगार आणि ४० च्या आत वय, म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के, झाले २८,०००. चार अवलंबित, म्हणून स्वतःच्या खर्चाची एक चतुर्थांश वजावट, उरले २१,०००. वर्षाचे २,५२,०००. ३१ ते ३५ वयोगटाला गुणक १६. एकूण ४०,३२,०००.

आता त्याच फाइलमध्ये उत्पन्नाचा कागद नाही म्हणून १२,००० धरले, तर हाच आकडा २४,१९,२०० वर येतो. फरक १६ लाख १२ हजार ८००. हा फरक कोणत्या सूत्राने भरून काढाल? तो साक्षी-पुराव्यानेच भरतो, आणि तिथेच वकील लागतो.

न्यायाधीशांना खरा निर्णय करावा लागतो अशा जागा चारच: उत्पन्न, निष्काळजीपणातला वाटा, जखमीच्या कमाईक्षमतेतली घट, आणि पुढचा औषधोपचार व मदतनिसाचा खर्च. सगळी ताकद या चार ठिकाणी लावायची. बाकी सूत्र कोर्टाला पाठ आहे, ते वाचून दाखवण्यात वेळ घालवू नये.

सदरबझार
सहमत. फक्त एक पुस्ती. पुष्कळ ज्युनिअर 'आधी वजावट की आधी वाढ' यावर भांडतात. दोन्ही टक्केवारीच आहेत, क्रम कसाही घ्या, उत्तर तेच. घोळ होतो तो आयकराने. कर सध्याच्या प्रत्यक्ष उत्पन्नावरचा वजा करायचा, वाढ त्यानंतर मिळवायची. वाढवलेल्या उत्पन्नावर स्लॅबप्रमाणे कर लावून विमा कंपनीचा तक्ता आला, तर पगारदार माणसाच्या दाव्यात मोठी रक्कम गुपचूप कापली जाते. त्यांच्या तक्त्यात ती ओळ आधी शोधा.

मोजपट्टी
आणि परंपरागत रकमा? प्रणय सेठीत संपदाहानी (मृताच्या मालमत्तेची हानी) १५,०००, सहवासहानी (जवळच्या माणसाची साथ गेल्याबद्दल) ४०,०००, अंत्यविधी १५,०००, दर तीन वर्षांनी १० टक्के वाढ. म्हणजे २०२३ च्या वाढीनंतर सहवासहानी ४८,४०० आणि बाकी दोन्ही प्रत्येकी १८,१५०. मॅग्मा जनरलच्या २०१८ च्या निकालाने सहवासहानी पत्नीपुरती राहिली नाही, मुलांना आणि आईवडिलांनाही मिळते. वरच्या उदाहरणात चौघांचे १,९३,६०० आणि बाकीचे ३६,३००. एकूण ४२,६१,९००. अजूनही 'पत्नीस सहवासहानी' एवढंच लिहिलेले अर्ज दाखल होतात.

कळमना_मार्केट
उत्पन्नाबद्दल. शहरातले वकील शेतकऱ्याच्या दाव्यात सातबारा जोडतात आणि मोकळे होतात. सातबाऱ्यावरून जमीन दिसते, उत्पन्न नाही दिसत ना भाऊ.

विमा कंपनीच्या वकिलाचा पहिलाच प्रश्न असतो: 'जमीन आजही तुमच्याच ताब्यात आहे?' उत्तर 'हो' येणारच. मग 'उत्पन्न बुडालंच नाही' हा युक्तिवाद तयार. त्यामुळे अर्जातच मांडणी वेगळी हवी: जमीन राहिली, पण ती कसणारा आणि व्यवहार सांभाळणारा गेला. मग नुकसान म्हणजे त्याच्या देखरेखीचं मोल, शिवाय त्याने स्वतः केलेल्या मेहनतीची मजुरी.

ते सिद्ध करायला आडत्याच्या पट्ट्या, बाजार समितीच्या पावत्या, पीककर्जाचा खाते उतारा लागतो. मृत्यूनंतर बटाईने दिली असेल तर त्याचा कागद सगळ्यात मोलाचा, कारण आधी पूर्ण पीक घरात येत होतं आणि आता हिस्साच येतो हे त्यात आकड्याने दिसतं. संत्र्याची बाग असेल तर आंबिया आणि मृग दोन्ही बहार मोजू नका, एका झाडावर वर्षात सहसा एकच बहार धरतात. तिथे उलटतपासात हसं होतं.

वऱ्हाडी_ठेचा
दोन्ही बहार मोजून राहिले का लोक! बाप्पा, झाडालाच पक्षकार करा मग.

उलटतपास
मूळ प्रश्नातल्या उलटतपासाकडे येतो. अमेरिकन तंत्र म्हणजे एका प्रश्नात एकच वस्तुस्थिती, प्रश्न सूचक म्हणजे उत्तर सुचवणारा, आणि उत्तर आपल्याला आधीच माहीत. कायद्याने आपल्याकडेही उलटतपासात सूचक प्रश्न चालतात. अडचण दुसरीच आहे. तिकडे प्रश्न आणि उत्तर जसंच्या तसं टिपलं जातं. आपल्याकडे न्यायाधीश उत्तर सलग निवेदनाच्या रूपात सांगतात आणि लघुलेखक टाइप करतो. तुमचे सहा टोकदार प्रश्न 'रस्ता सरळ आहे व वाहतूक कमी होती हे म्हणणे खरे आहे' अशा एका वाक्यात विरघळतात.

म्हणून दोन गोष्टी पाळा. कळीच्या एक-दोन प्रश्नांसाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८ नियम १० खाली प्रश्नोत्तर स्वरूपात नोंद घेण्याची विनंती करा. प्रत्येक प्रश्नाला मागितलं तर कोणी देत नाही. आणि उत्तर सांगून होईपर्यंत पुढचा प्रश्न टाकू नका, नजर स्क्रीनवर असू द्या. 'नाही' हा एक शब्द गळाला तर वाक्य उलटं होतं आणि सही झाल्यावर दुरुस्तीचा अर्ज करत बसावं लागतं.

उदाहरण घ्या. वर्धा रोड, बुटीबोरीच्या अलीकडे, रात्री ट्रकने मागून मोटरसायकलला उडवलं. चालकाचा बचाव: गाडी अचानक आडवी आली. प्रश्न असे:

'त्या जागी रस्ता सरळ आहे.' हो.
'मध्ये वळण किंवा चढ नाही.' नाही.
'ट्रकचे दोन्ही दिवे सुरू होते.' हो.
'धडकेपूर्वी ब्रेक लावला असं तुमच्या शपथपत्रात लिहिलेलं नाही.' नाही.

इथे बसायचं. 'मग ब्रेक का नाही लावला?' हा पाचवा प्रश्न तोंडातून गेला की तो सांगतो, 'लावला होता साहेब, पण ओलं होतं, घसरली.' त्याला हवी ती पळवाट तुम्हीच दिली.

मोजपट्टी
भर घालतो. घटनास्थळ पंचनाम्यात 'ब्रेकच्या खुणा नाहीत' असं असेल तर त्यावर फार नाचू नका. एबीएस (चाक जाम होऊ न देणारी ब्रेक यंत्रणा) असलेल्या गाडीच्या खुणा ठळक उमटत नाहीत, आणि समोरचा वकील हे कोर्टाला सांगू शकतो. त्यापेक्षा पंचनाम्यातली मापं वापरा: रस्त्याची रुंदी, धडकेची जागा डाव्या कडेपासून किती फूट, वाहनं शेवटी कुठे थांबली, काचांचा सडा कोणत्या बाजूला. वाहन तपासणी अहवालात मोटरसायकलचा मागचा मडगार्ड आणि दिवा फुटलेला व बाजू शाबूत, एवढं दाखवलं तर 'आडवी आली' हा बचाव कागदावरच पडतो. नकाशावर हे रंगीत पेनाने दाखवा, मात्र झेरॉक्सवर. दाखल प्रतीवर रेघ मारलेली चालत नाही.

सदरबझार
विमा कंपनीचा वकील निष्काळजीपणावर प्रश्न विचारायला लागला की कलम १७० ची (सगळ्या मुद्द्यांवर लढण्याची) परवानगी घेतली नाही म्हणून हरकत घ्यायची. हाही एक डाव.

निशाणी_किती
जुना झाला तो डाव, दादा. शीला दत्त (२०११) निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय, की विमा कंपनीला तुम्हीच गैरअर्जदार केलं असेल तर ती सगळ्या मुद्द्यांवर लढू शकते. ही हरकत घेतलीत तर कोर्टाचा वेळ जातो आणि तुमच्या पुढच्या खऱ्या हरकतीची किंमत कमी होते. विश्वासार्हता हेच भांडवल. एकाच न्यायाधीशांपुढे वर्षानुवर्षं उभं राहायचं असतं, ज्यूरी तर दर खटल्याला नवी असते. अमेरिकन पुस्तकी सल्ला इथे जसाच्या तसा लागू पडत नाही तो याचसाठी.

सदरबझार
मान्य.

सीताबर्डी_मेन_रोड
अवांतर: आपल्याकडेही ज्यूरी होतीच की. मुंबईतल्या १९५९ च्या नानावटी प्रकरणात ज्यूरीने निर्दोष ठरवलं, सत्र न्यायाधीशांनी ते न मानता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, तिथे शिक्षा झाली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरी उरलीच नाही. आणि अमेरिकेत सुद्धा 'स्वतःला या आईच्या जागी ठेवून पाहा' असं ज्यूरीला म्हणायला मनाई आहे. वेदनेचा दर दिवसाला अमुक डॉलर असा हिशोब काही राज्यांत चालतो, काहींत नाही.

तर्रीबाज
म्हणजे रडायला तिकडेही परवानगी लागते.

कागदोपत्री_ताई
भावनेवरून एक महत्त्वाचं, जे कोणी बोललं नाही. अर्जदार पत्नीचं सरतपासणीचं, म्हणजे तिच्या स्वतःच्या साक्षीचं, शपथपत्र. बहुतेक ठिकाणी ते इंग्रजीत असतं, अर्जाचाच मजकूर उचललेला, खाली मराठीत सही. मग उलटतपास: 'तुम्हाला इंग्रजी वाचता येतं?' 'नाही.' 'शपथपत्रात काय लिहिलंय तुम्हाला माहीत आहे?' ती बाई गोंधळते, आणि तुमची सगळ्यात विश्वासार्ह साक्षीदार दोन मिनिटांत कोसळते.

शपथपत्र मराठीतच करा, तिच्या बोलण्यातल्या शब्दांत. नवरा किती वाजता कामाला जायचा, घरखर्चाला दर महिन्याला किती द्यायचा, मुलांची शाळा, फी कोण भरत होतं. 'अर्जदार क्र. १ ही मृतकावर सर्वस्वी अवलंबून होती' असलं वाक्य तिच्या तोंडी शोभत नाही आणि न्यायाधीशांनाही ते कळतं.

दुसरं, तिला सांगून ठेवा की 'तुम्ही अपघात प्रत्यक्ष पाहिला का?' असं विचारतीलच, आणि 'नाही' म्हणण्यात काही बिघडत नाही. तो मुद्दा प्रत्यक्षदर्शी साक्षीदार आणि पोलीस कागदपत्रांनी सिद्ध करायचा. बिमला देवी (२००९) निकालाप्रमाणे इथे शक्यतांचा कल पुरे, फौजदारी खटल्यासारखा संशयातीत पुरावा लागत नाही. पण बाईने पाहिल्याचं खोटं सांगितलं तर तिची उत्पन्नाबद्दलची खरी साक्षसुद्धा कोणी ऐकत नाही.

एफआयआर पुराव्यात दाखल करताना पूर्ण वाचा. आपल्या सोयीची ओळ घेऊन गैरसोयीची सोडता येत नाही.

उलटतपास
ताई, तुमचा प्रतिसाद ज्युनिअरांच्या टेबलावर चिकटवायला हवा. माझ्या पाच प्रश्नांपेक्षा कामाचा.

मेडिकल_चौक
जखमीच्या दाव्याचं बोला ना कोणी. काहून सगळे मृत्यूच्याच दाव्यात अडकले?

तिथे डॉक्टर हाच साक्षीदार. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या मंडळाचं प्रमाणपत्र '४५ टक्के कायमचं अपंगत्व' म्हणतं. ते पायाचं की पूर्ण शरीराचं? राजकुमार विरुद्ध अजयकुमार (२०११) निकालाने तीन पायऱ्या दिल्यात: जखमीला आता काय जमतं आणि काय जमत नाही, आधी तो काय काम करायचा, आणि ते काम किंवा दुसरं काही करून तो पोट भरू शकतो का. त्याच निकालात उदाहरण आहे, डावा हात गेला तर शारीरिक अपंगत्व साधारण ६० टक्के, पण माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर कमाईक्षमतेची हानी जवळपास १०० टक्के.

म्हणून डॉक्टरला टक्का विचारून सोडू नका. विचारा: गुडघा किती अंश वाकतो? पाय किती सेंटिमीटर आखूड झाला? उकिडवं बसता येईल का? क्लच दाबताना जोर लावता येईल का? प्लेट काढायला पुन्हा शस्त्रक्रिया लागेल का, अंदाजे खर्च किती? कमाईवर काय परिणाम, हे डॉक्टरने सांगायचं नसतं, ते न्यायाधिकरण ठरवतं. डॉक्टरच्या तोंडून '१०० टक्के कमाई गेली' वदवून घेतलं की उलटतपासात त्याचं बाकीचंही संशयास्पद होतं.

आणि उपचार करणारा डॉक्टर मिळत असेल तर फक्त प्रमाणपत्र देणाऱ्याला बोलावून भागवू नका. तो ओपीडी सोडून येत नाही ही रडकथा सगळ्यांची. साक्ष कमिशनवर (कोर्टाने नेमलेल्या कमिशनरपुढे) नोंदवण्याचा अर्ज करा किंवा ठरावीक वेळ मागून घ्या, राजकुमार निकालात हेही सुचवलेलं आहे.

जखमीच्या दाव्यात स्वतःच्या खर्चाची वजावट नाही. तक्ता मृत्यूच्या दाव्यावरून कॉपी केला की ती एक तृतीयांश तशीच राहून जाते.

कळमना_मार्केट
हेल्मेट नव्हतं, ट्रिपल सीट होती, यावर सरसकट कपात मागतात त्याचं काय?

मोजपट्टी
मोहम्मद सिद्दीकी (२०२०). नियम मोडला म्हणजे आपोआप सहभागी निष्काळजीपणा नाही. ते तिघं बसल्यामुळे अपघात झाला किंवा इजा वाढली, हे विमा कंपनीने सिद्ध करायचं. जखम डोक्याला आहे की कमरेखाली हे शवविच्छेदन अहवालात बघा. पायाच्या जखमेशी हेल्मेटचा संबंध कोणी लावू शकत नाही. पण डोक्याला मार असेल तर गप्प बसून मुद्दा निघून जाईल अशी आशा धरू नका, आपणच आधी उत्तर तयार ठेवा.

सीताबर्डी_मेन_रोड
सीसीटीव्हीबद्दल एक. टोल नाक्याचं किंवा पेट्रोल पंपाचं फुटेज काही दिवसांनी त्यावरच पुन्हा रेकॉर्ड होऊन पुसलं जातं. वकीलपत्र घेतल्याच दिवशी ते जपून ठेवण्याचं पत्र पोलिसांना आणि मालकाला द्या, पोच घ्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, कलम ६३(४) च्या प्रमाणपत्रात आता हॅश व्हॅल्यूही (फाइल बदललेली नाही हे पडताळायचा आकडा) लागते आणि त्याचे दोन भाग असतात, दुसरा तज्ज्ञाने भरायचा. व्हॉट्सअॅपवर आलेली क्लिप पेनड्राइव्हमध्ये घालून 'निशाणी (पुराव्याचा क्रमांक) द्या' म्हटलं तर मिळणार नाही.

धंतोलीकर
बरं, माझं 'काहीच नाही' मागे घेतो. आता मूळ प्रश्नाचा शेवटचा तुकडा: अंतिम युक्तिवाद. तिथे बोलून पटवायला काही उरतं का?

निशाणी_किती
उरतं, पण बोलणं निकालपत्राच्या क्रमाने हवं. न्यायाधीशांना निकाल मुद्देनिहाय लिहायचा असतो. पहिला मुद्दा निष्काळजीपणा, दुसरा पॉलिसी आणि शर्तींचा भंग, तिसरा रक्कम. त्याच क्रमाने बोला आणि प्रत्येक वाक्यामागे निशाणी क्रमांक व परिच्छेद सांगा. 'साक्षीदाराने कबूल केलंय' असं म्हणू नका, 'निशाणी ३१, परिच्छेद ६, शेवटची ओळ' म्हणा आणि त्यांना पान सापडेपर्यंत थांबा. त्या थांबण्याचा बहुतेकांना धीर नसतो, पण तिथेच मुद्दा पोचतो.

पहिल्या दोन मिनिटांत तीन गोष्टी: एका वाक्यात अपघात, एका वाक्यात वाद नेमका कशाचा, आणि एकूण मागणी. मोठा आकडा आधी फेकायचं अमेरिकन तंत्र इथे उलटतं. दोन कोटी मागून पुरावा महिना १५,००० चा असेल तर उत्पन्नाचा खरा पुरावाही फुगवलेला वाटतो.

आपल्या केसमधला कच्चा दुवा स्वतःच आधी सांगा. लायसन्स एलएमव्हीचं (हलक्या मोटार वाहनाचं) आणि गाडी मालवाहू? ते लपवू नका, सांगा आणि लगेच पुढे ठेवा की नोव्हेंबर २०२४ च्या घटनापीठाच्या निकालाने ७,५०० किलोच्या आतल्या वाहनाला ते चालतं. गाडीचं वजन आरसी बुकातून दाखवा. तेच विमा कंपनीच्या तोंडून पहिल्यांदा आलं तर तुम्ही खुलासा करताय असं दिसतं.

एका पानाचा तक्ता द्या: उजव्या रकान्यात आपला आकडा, डावीकडे विमा कंपनीचा, मध्ये फरक आणि त्यामागची निशाणी.

वऱ्हाडी_ठेचा
आणि तक्ता दोन्ही बाजूंना द्या. समोरच्याला प्रत न देता साहेबांपुढे ठेवला की पहिली पाच मिनिटं त्यातच जातात.

धंतोलीकर
एक शेवटचं. पुराव्यानंतर तक्त्यातला आकडा अर्जातल्या मागणीपेक्षा जास्त आला तर?

कागदोपत्री_ताई
नागप्पा (२००३). मागणीपेक्षा जास्त देता येतं, न्याय्य भरपाई देणं न्यायाधिकरणाचं कर्तव्य आहे. तरी त्यावर विसंबून बसू नका. दुरुस्तीचा अर्ज द्या, फरकाची कोर्ट फी भरायची तयारी आहे अशी पुरसिस (कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन) जोडा, आणि हे युक्तिवादाच्या दिवशी नाही, पुरावा बंद केल्याची पुरसिस देण्याआधी करा. नाहीतर विमा कंपनी 'आम्हाला उलटतपासाची संधी मिळाली नाही' म्हणते आणि पुढची तारीख पडते.